रोज, जाऊन-येऊन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ही डायरी औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिली होती. दर पानाच्या कोपऱ्यात हसणाऱ्या किडनीचं चित्र आहे. दहा महिने तिच्यावर भाजीची यादीसुद्धा लिहिली नव्हती. आज काढली, कारण डोक्यातलं कुठेतरी उतरवायला हवं.

आमचं नेरूळचं डायलिसिस युनिट महिनाअखेर बंद होणार. नवीन सेंटर पळस्प्याला, पनवेलच्या पुढे. मला तिथे इन्चार्ज करताहेत. तेवीस वर्षं टेक्निशियन म्हणून काढल्यावर इन्चार्ज. पहिले पेशंट सहाला मशीनवर घ्यायचे, म्हणजे पाणी शुद्ध करायचा प्लांट सुरू करायला मला साडेपाचला तिथे हवं. एक डिसेंबरपासून.

युनिटच्या मॅडम म्हणाल्या, लांबच्या स्टाफसाठी खांदेश्वरला खोली देऊ, तिथून पहाटे व्हॅन असते. पंचवीस तारखेपर्यंत कळवा.

संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी होते. "हो मॅडम, खोली धरून ठेवा. माझं नक्की झालं की सांगते," म्हटलं. आई शेजारी सुकट निवडत होत्या. फोन ठेवला तरी त्यांनी काही विचारलं नाही. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं बहुतेक.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज सुट्टी टाकून पहाटे पळस्प्याला जाऊन पाहिलं. लोकलने खांदेश्वरपर्यंत ठीक. बाहेर आले तर एकच रिक्षा, आणि तिच्यात रिक्षावाला पाय वर करून झोपलेला. त्याला उठवायचा धीर झाला नाही. शेवटी बसने पोचले तेव्हा सहा पस्तीस झाले होते. तोवर चार पेशंट दारात ताटकळले असते.

म्हणजे खोली, नाहीतर स्वतःची कार.

खोलीचा विचार मी मनात येऊसुद्धा देत नाही. माझ्या नवऱ्याला, प्रितेशला, जाऊन चार वर्षं झाली. मुलगी रुतिका पुण्याला हॉस्टेलवर. सारसोळ्याच्या या घरात आम्ही सासू-सून दोघीच. आई बहात्तर वर्षांच्या, उजवा गुडघा गेलेला. त्यांना सोडून मी खांदेश्वरला कशी राहीन? हे काय कुणाला सांगायला हवं?

तर कार. जुनी, साडेतीन लाखांच्या आत. रोज पन्नासेक किलोमीटर. पेट्रोल कमी पिणारी, आमच्या गल्लीत वळणारी.

आणखी एक गोष्ट हवी आहे, ती लिहायलाही लाज वाटते. मला चालवताना मजा यायला हवी. प्रितेशने मला पामबीच रोडवर शिकवलं होतं, रविवारी सकाळी. मी सारखी गियरच्या दांडीकडे बघायचे. तो म्हणायचा, "खाली काय बघतेस, कानाने बदल." एके दिवशी जमलं. इंजिनचा आवाज चढला, हात आपोआप गेला, गाडी लोण्यासारखी सरकली. मी मोठ्याने हसले होते. तो गेल्यावर ती गाडी विकली. त्यानंतर मी तशी हसले नाही, असं नाही. पण गाडीत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

हितेश, माझा चुलत दीर, टॅक्सीच्या धंद्यात आहे. त्याने सीवूड्सला एक पांढरी ऑटोमॅटिक दाखवायला नेलं. आम्ही निघालो तर आई चप्पल घालून दारात.

"तुम्ही कुठे, आई? गुडघा दुखेल."

"गारी बसून बगायची हाय ना? मंग बसताना गुरगा कशाला दुखंल?" आईंच्या आगरी बोलीत गाडीची गारी होते.

हितेश म्हणाला, "वहिनी, डोळे मिटून घ्या. क्लच नाय, गियर नाय, फुल आराम. टेन्शनच नाय."

मी चालवली. खरंच टेन्शन नव्हतं. दुसरंही काही नव्हतं. पाळण्यात बसल्यासारखं वाटलं.

आई मागून म्हणाल्या, "पांढरी फट्ट. दारात उभी केलीस तं लोक इचारतील, कोन आजारी हाय?"

हितेश खूप हसला. मग माझ्या कानात म्हणाला, "काकीला नेऊ नका परत. सौदा फिसकटवेल ती."

९ नोव्हेंबर, रविवार

जुईनगरला निळी पाहिली. मला बरी वाटली. आईंनी मागचं दार तीनदा उघडून लावलं आणि म्हणाल्या, "पत्र्याचा डबा." मालक तोंड वाकडं करून आत गेला.

दुपारी स्वयंपाकघरात पाहिलं तर आईंनी फळीवरचा लहान कुकर खाली काढून, घासून ठेवलेला. बाजूला एक ताट, एक वाटी, एक पेला, एक झारा. सगळं माझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधायला काढलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "असू दे. लागतंय." दिवाळी झाल्यावर त्यांना आवराआवरीचा झटका येतोच. भांडीवालीला देणार असतील. कुकर चांगला आहे अजून.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फोनवर रोज पन्नास गाड्या बघते. स्वप्नातही किलोमीटर दिसतात.

आई आज शेजारच्या जयमालाला विचारत होत्या, तिची नात रात्री झोपायला येईल का. मी म्हटलं, कशाला? म्हणाल्या, "पोरीला सोबत." पोरीला की कुणाला, ते कळलं नाही. जयमालाच्या घरात सात माणसं आहेत, सोबतीला काय तोटा?

१५ नोव्हेंबर, शनिवार

सापडली!

तुर्भ्याला एका डीलरकडे. लाल. गडद, पिकलेल्या मिरचीसारखी. सहा वर्षांची हॅचबॅक, पाच गियरची, आणि पाचही असे पडतात की काय सांगू. आज मुद्दाम एकटीच गेले होते. सानपाड्याच्या पुलावर तिसऱ्या गियरमध्ये दाबली आणि ती मागून कुणी हात दिल्यासारखी वर गेली. वळणावर स्टिअरिंग हाताशी बोलतं. माझ्या तोंडून हसू बाहेर पडलं. शेजारी डीलरचा माणूस बसला होता, तोही दचकला.

चालवायला नेण्याआधी मेकॅनिक पोपट जाधवांना बोलावून दाखवली होती. मूळचे साताऱ्याचे, प्रितेशच्या गाडीचं काम तेच करायचे. आधी बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला. गाडी गार असताना सुरू करून बघायची असते, विकणारे आधीच तापवून ठेवतात, म्हणाले. गारच होती. ऑइल पाहिलं, धूर पाहिला, खाली वाकून पाहिलं.

"इंजान एक नंबर हाय, ताई. पर एवढ्या कमी भावात का देत्यात, त्ये इचारा."

विचारलं. डीलर म्हणाला, "मॅडम, लाल रंग कोणी घेत नाही हो." मला पटलं. माझ्यासारखी वेडी भेटेपर्यंत थांबली बिचारी.

मंगळवारी टोकन द्यायचं ठरलं. रुतिकाला फोटो पाठवला. तिने सतरा लाल बदाम पाठवले आणि लिहिलं, "मम्मी, सुट्टीत मी चालवणार."

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं.

आईंना गाडी दाखवायला नेलं. नेऊ नये असं वाटत होतं, पण घरात येणारी वस्तू त्यांना न दाखवता कशी आणायची? त्या मागच्या सीटवर बसल्या. काच खाली करून दिली तर म्हणाल्या, "बंद कर." काच बंद करून तशाच बसून राहिल्या. मग पदर बाजूला सारून खाली वाकल्या, सीटच्या खाली, जवळजवळ पायापर्यंत. नाक ओढल्याचा आवाज आला.

"यी गारी पान्यान बुरालेली हाय."

पाण्यात बुडालेली. डीलर समोरच उभा. "काय बोलता, आजी? सिंगल ओनर, शोरूम कंडिशन!"

"चिखलाचा वास हाय. वरशी अत्तर मारलाय."

मी वाकून पाहिलं. मला फक्त लिंबाच्या सेंटचा वास आला. नवं कार्पेट, नवी कव्हरं. डीलर माझ्याकडे असं बघत होता, जसं आम्ही पेशंटच्या कटकट्या नातेवाइकांकडे बघतो.

रिक्षात मी बोलले. "पांढरी ॲम्बुलन्स, निळी पत्र्याचा डबा, आता ही बुडालेली. मी कार घेऊच नये असं तुम्हाला वाटतं ना? तर सरळ सांगा."

त्या रस्त्याकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "घे तुना पायजे ती. मी कोन अरवनारी?"

अडवणारी. मी कधी त्यांना असं म्हटलं नव्हतं, त्यांनीही मला नाही. रात्री दोघी जेवायला बसलो. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं. पण अर्धा भात टाकून उठले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

युनिटमध्ये सकाळी पाण्याची तपासणी करत होते. रोजचं काम: पट्टी बुडवायची, रंग बघायचा. पाणी दिसायला नेहमी स्वच्छच असतं. दिसण्यावर गेलं तर माणूस मरेल, म्हणून तर पट्टी.

पट्टी हातात धरूनच मला आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा आईंबरोबर नेरूळच्या बाजारात बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी तिथे मासळी विकली. एक व्यापारी पापलेटची पेटी घेऊन आला, वर चांदीसारखी चमकणारी. आईंनी एकाचा कल्ला उचलून नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "तीन दिवस बर्फान, येक दिवस बाहेर." त्याने शपथा घेतल्या. आईंनी पेटी परत पाठवली. दुपारी तीच पेटी दुसरीने घेतली आणि संध्याकाळी तिची गिऱ्हाइकं भांडायला आली.

त्या नाकाने मला एकदाही फसवलेलं नाही. मग ॲम्बुलन्स आणि पत्र्याचा डबा का म्हणाल्या? तिथे नाक कुठे होतं? ते काही माझ्या ध्यानात येत नाही.

पोपटना फोन केला. म्हणाले, "मी इंजान बगितलं, पान्याचा इचारच केला न्हाई. ताई, मागच्या शिटचा बेल्ट पार शेवटपातूर वडा. पुढचं बदलत्यात, मागचं इसरत्यात."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डीलरला सांगितलं, टोकन देण्याआधी एकदा बसून बघते. तो फोनवर होता. मागच्या डाव्या सीटचा बेल्ट ओढला. ओढत राहिले. हातभर, दोन हात. अगदी शेवटी, जो भाग कधी बाहेरच येत नाही तिथे, एक तपकिरी रेघ होती. सरळ, पट्टीने मारल्यासारखी. तिच्या खाली बेल्ट कडक झाला होता. नख लावलं तर बारीक माती पडली.

मी ती नाकाशी नेली. आता मलाही आला तो वास. सारसोळ्याच्या जेट्टीवर ओहोटीला येतो तो.

बेल्ट हळूच आत जाऊ दिला. गाडीच्या टपावर एकदा हात फिरवला. तिचा बिचारीचा काय दोष? डीलरला म्हटलं, "नको." त्याने कारण विचारलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मंगळवारीच आईंना सांगितलं होतं, "तुमचं खरं होतं. मी बोलायला नको होतं." त्या कोलंबी सोलत होत्या. "चालीस वर्सं म्हावरा वलखला. गारी काय येगली?" एवढंच. मला वाटलं होतं खूश होतील. उलट आज आणखी गप्प आहेत.

कोलंबीचं कालवण मात्र असं केलं होतं की मी तीनदा भात घेतला. "खाऊन घे," म्हणाल्या. जणू उद्या मिळणारच नाही.

पाच दिवस उरले. मॅडमना काय सांगू?

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज खारघरला गेलो. अरुणाबाई म्हणून निवृत्त शिक्षिका, भूगोल शिकवायच्या. मुलीकडे नाशिकला चालल्यात, म्हणून कार विकायची. नऊ वर्षांची छोटी राखाडी हॅचबॅक. वीतभर ओरखडा डाव्या दारावर. "तो माझाच," त्यांनी आधीच सांगितलं. "गेटचा खांब. चूक खांबाची नव्हती."

मला त्या लगेच आवडल्या.

"पेट्रोल वाचवायला घेताय की चालवायला?"

"दोन्ही," म्हटलं.

"मग टेकडीकडे न्या. सपाटीवर कुठलीही गाडी शहाणी वाटते."

आईंना यावेळी मीच बोलावून नेलं होतं. त्या मागे बसल्या, काच बंद केली, वाकल्या, वास घेतला. मग सरळ होऊन पदर सारखा केला. पोपट मागून येऊन बेल्ट, सीटखालचा लोखंडी रूळ, स्टेपनीचा खड्डा, सगळं बघून गेले. कोरडं ठक्क.

टेकडीचा चढ लागला. लाल गाडीइतका जोर नाही हिच्यात. पण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर टाकली तेव्हा ती ज्या आवाजात 'आले' म्हणाली, तो मी ओळखला. खाली बघावं लागलं नाही. वळण आलं, हात गेला, गाडी फिरली. हसू आलंच.

अरुणाबाईंनी विचारलं, "रोज किती चालणार?"

"सारसोळे ते पळस्पे. पंचवीस तिकडे, पंचवीस इकडे. रोज, जाऊन-येऊन."

मागून आवाज आला. "जाऊन-येऊन?"

"हो, मग?"

"रोज?"

"रोज, आई. तीन-सव्वातीनला घरी. नाहीतर कार कशाला घेतेय मी? तिकडेच राहायचं असतं तर खोली फुकट मिळत होती."

आरशात पाहिलं तर आई बाहेर बघत होत्या. पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं वळणांनी मळमळलं. गाडी कडेला घेऊ का विचारलं. मान हलवली. मग सीटवर दोनदा थाप मारली, जशी मोठ्या माशाच्या पाठीवर मारतात.

"बरी हाय गारी. यीच घे."

"दार वाजवून नाही बघणार?"

"दार काय, दार वाजतातच."

नवलच आहे. तीन गाड्यांना नावं ठेवणाऱ्या बाईने हिला पाच मिनिटांत पास केलं! सीट मऊ आहे म्हणून असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमना कळवलं, खोली नको. व्यवहार झाला. अरुणाबाईंनी नऊ वर्षांची सर्व्हिसची बिलं फाइलला लावून दिली, मागे स्वतःच्या अक्षरात कुठल्या घाटात गाडी कशी चालली याच्या नोंदी. नावावर करायचे कागद हितेश बघतोय. "मॅन्युअल घेतली? वहिनी, तुमी पण ना," म्हणाला. पण चालवून आला तेव्हा दोन गल्ल्या जास्त फिरून आला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पार्किंगचा प्रश्न मी विसरलेच होते. आमच्या गावठाणातल्या गल्लीत कार कशीबशी शिरते, पण उभी करायला जागा नाही. कार मेन रोडला लावायची असं मी धरून चालले होते, पहाटे तिथवर चालत जायचं.

कामावरून आले तर अंगण ओळखू येईना. सुकट वाळवायचा बांबूचा मांडव आईंनी माणसं लावून उतरवला होता. तो सासऱ्यांनी बांधलेला. प्रितेशने नवी मोटरसायकल लावायला जागा मागितली होती तेव्हा आईंनी मांडवाचा एक बांबूही हलू दिला नव्हता.

"आई, सुकट कुठे वाळवणार?"

"गच्चीवर."

"गुडघा?"

"हळू जाईन. गारी दारान उभी रायली पायजे. गेली का कलतं, आली का कलतं."

३० नोव्हेंबर, रविवार

आईंना घेऊन पामबीचवरून एक चक्कर मारली. पुढच्या सीटवर बसल्या, बेल्ट लावून घेतला, तो आधी शेवटपर्यंत ओढून पाहिला. आता सगळ्या गाड्यांचे ओढतील.

येताना आईंनी बेलापूरला आपल्या बहिणीकडून दोन किलो सुके बोंबील घेतले आणि मला न सांगता डिकीत टाकले. घरी येईपर्यंत नऊ वर्षं जपलेल्या भूगोलाच्या बाईंच्या गाडीचं मासळी मार्केट झालं. पोपट म्हणाले, कापूर ठेवा, चार दिवसांत जाईल.

१ डिसेंबर, सोमवार

पावणेपाचला निघाले. आई उंबऱ्यात स्टूल टाकून बसल्या होत्या. "हलू जा गो" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "गियर वेलेवर टाक." प्रितेशकडून ऐकलं असणार.

रस्ता मोकळा होता. खारघर मागे पडलं, डोंगर अजून अंधारातच होते. मी एकटीच चौथ्यावरून पाचव्यावर गेले. पाच पंचवीसला प्लांट सुरू केला. पट्टी बुडवली, रंग बरोबर. सहाला पहिला पेशंट मशीनवर. नव्या जागेला ते सगळेच घाबरले होते. एक आजोबा म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आलात म्हणजे बरं." नेरूळचे जुने पेशंट आहेत.

परतताना पनवेलकडून आलेल्या ट्रकच्या मागे अडकले. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न द्यायच्या आधीच दार उघडलेलं दिसलं.

"किती वाजलं?"

"तीन वीस."

"पाच मिन्टं उशीर."

मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेले. माझ्या जुन्या साडीचा तो तुकडा धुऊन दोरीवर वाळत होता. ताट, वाटी, पेला मांडणीत परत, माझ्या बाकीच्या भांड्यांत मिसळलेले. भांडीवाली तर आज येऊन गेली होती.

एक ताट. एक वाटी. एक पेला. खांदेश्वरच्या खोलीत एकटीला पुरेल एवढंच.

लहान कुकर गॅसवर होता. आई स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होत्या.

"येवऱ्यात दोगींचा भात होतो बग," त्या म्हणाल्या. "मोटा कशाला काराचा?"

शिट्टी झाली, आईंनी गॅस बारीक केला, आणि मी दोन ताटं घेतली. गाडीच्या डिकीत कापूर ठेवायचा राहिला आहे. राहू दे.